मोटारींतील हवेची गाळणी

मोटार विकत घेतांना घरचीं माणसें तिचा रंग पाहतात, बैठक पाहतात, लिटरभर इंधनांत ती किती किलोमीटर धांवते हें विचारतात. पुढें ती दारीं आली म्हणजे इंजिनाचें तेल, चाकांतील हवा, ब्रेक आणि बॅटरी यांची चौकशी वेळच्या वेळीं होते. हे सर्व भाग गाडी चालती राहावी म्हणून असतात. परंतु गाडीच्या चालण्याशीं कांहींच संबंध नसलेला, आणि केवळ आंत बसलेल्या माणसांच्या श्वासासाठीं बसविलेला असाहि एक भाग तिच्यांत असतो. बहुधा तो डाव्या बैठकीसमोरील कप्प्याच्या मागें दडलेला असतो. त्यामुळें तो कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, आणि वर्षानुवर्षें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. हा भाग म्हणजे हवेची गाळणी.

गॅरेजांत तिला ‘एसी फिल्टर’ किंवा ‘केबिन फिल्टर’ म्हणतात. इंजिनासाठीं हवेची जी निराळी गाळणी असते, तिच्याशीं हिची गल्लत होतां कामा नये. ‘एअर फिल्टर बदलला’ एवढेंच कोणी सांगितलें, तर दोहोंपैकीं कोणता, हें विचारून घ्यावें. नाहीं तर इंजिनाची गाळणी नवी होते आणि माणसांची जुनीच राहते. ही कल्पना कांहीं आजची नाहीं. अमेरिकेंतील नॅश या मोटार कंपनीनें १९३८ सालीं बाहेरची हवा गाळून व ऊन करून गाडींत सोडण्याची योजना आणली होती. आज आपल्याकडील बहुतेक नव्या मोटारींत गाळणी असते. कांहीं जुन्या अथवा कमी किमतीच्या गाड्यांत मात्र तिची जागा केलेली असून ती रिकामीच ठेवलेली आढळते. अशा गाडींत योग्य मापाची गाळणी मागाहूनहि बसवितां येते.

हवेचा मार्ग समजला म्हणजे गाळणीचें महत्त्व सहज ध्यानांत येईल. समोरच्या कांचेच्या पायथ्याशीं, वायपरच्या खालीं, एक जाळी असते. तेथून बाहेरची हवा आंत घेतली जाते; पंखा तिला गाळणींतून ओढतो किंवा ढकलतो; पुढें ती एसीच्या थंड नळ्यांवरून जाते आणि मग माणसांच्या तोंडावर, पायांवर वा कांचेवर सोडली जाते. म्हणजे कांचा बंद करून बसलेलें कुटुंब जी हवा हुंगतें, ती जवळजवळ सारी याच एका वाटेनें आलेली असते. वाटेवरील गाळणी घाणीनें भरली, तर हवा कमी येते. ती नसली किंवा फाटली, तर धूळ थेट आंत येते आणि थंड नळ्यांच्या ओल्या जाळीवर चिखल होऊन बसते.

गाळणी दिसावयास साधी असते. कृत्रिम तंतूंचें न विणलेलें कापड निऱ्या घालून एका चौकटींत बसविलेलें असतें. निऱ्या कशासाठीं, हें सांगण्यास थोडें गणित पुरे आहे. चौकट २० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद असली, तर सपाट कापड ४०० चौरस सेंटिमीटर बसेल. परंतु एकेका सेंटिमीटरावर अडीच सेंटिमीटर उंचीची एक, अशा २० निऱ्या घातल्या, तर प्रत्येक निरीला ५ सेंटिमीटर कापड लागतें. म्हणजे एकंदर कापड १०० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद, अर्थात् २,००० चौरस सेंटिमीटर होतें. नऊवारी लुगडें जसें निऱ्यांमुळें कमरेपाशीं सामावतें, तसें तेवढ्याच जागेंत पांचपट कापड मावतें, आणि हवेला पांचपट वाट मिळते.

हें कापड केवळ चाळणीसारखें काम करीत नाहीं. मोठे कण वेगाच्या भरांत वळूं न शकल्यामुळें तंतूंवर आदळतात. अगदीं बारीक कण हवेंत भरकटत असतां तंतूंना चिकटतात. आणि पुष्कळ गाळण्यांच्या तंतूंवर कारखान्यांतच विजेचा भार दिलेला असतो, तो कणांना ओढून घेतो. माणसाचा केस सुमारें ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. धुळीचे जे कण अडीच मायक्रोमीटरांहून लहान असतात, ते नाकांत किंवा घशांत न अडकतां फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत जातात. दम्याचा विकार असलेल्या मुलाला आणि वृद्धांना त्यांचाच उपद्रव अधिक होतो.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत या गाळणीवर पडणारा भार विलक्षण आहे, कारण येथें दोन टोकांचीं हवामानें शेजारीं शेजारीं नांदतात. महाबळेश्वराला वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उलट माण, आटपाडी, जत या बाजूंस ५०० मिलिमीटरांच्या आसपास पडला तरी समाधान मानतात. साताऱ्याहून कराडमार्गें सांगलीला जाणारी गाडी सुमारें १२० किलोमीटर चालते. तेवढ्यांत तिला महामार्गावरील मालमोटारींचा धूर, रस्त्यांच्या कामाची माती, आणि गळिताच्या हंगामांत जळणाऱ्या पाचटाची काजळी भेटते. हळदीच्या दिवसांत सांगलीच्या बाजारपेठेंत पिवळी धूळ उडते. शिवाय नदीकांठची गोष्ट वेगळीच. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णेचें पाणी सांगलीस आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांवर गेलें. असा पूर ओसरला, कीं मागें राहिलेला गाळ वाळतो आणि पुढें कित्येक दिवस रस्त्यांवरून उडत राहतो. पुराच्या पाण्यांत उभ्या राहिलेल्या गाडीची गाळणी तर वाळवून पुन्हां वापरूंच नये.

गाळणी भरली म्हणजे ती स्वतःविषयीं कांहीं सांगत नाहीं. दोष दुसऱ्याच भागाच्या माथीं येतो. एसी पूर्ण वेगावर ठेवूनहि वारा मंद येतो, पंख्याचा आवाज मात्र मोठा होतो. मागच्या बैठकीवरच्यांना गारवा पोंचत नाहीं. गाडी सुरू करतांच कुबट वास येतो. अशा वेळीं ‘गॅस संपला’ असा तर्क करून गॅस भरण्यावर खर्च केला जातो आणि मूळ कारण जागच्या जागीं राहतें. म्हणून खर्चाच्या वाटेला जाण्यापूर्वीं पंधरा मिनिटें काढून गाळणी पाहावी, हा साधा नियम प्रत्येक घरानें पाळण्याजोगा आहे.

पावसाळ्यांत या प्रश्नाला पैशांहून मोठें महत्त्व येतें. पसरणीच्या किंवा केळघरच्या घाटांत धुकें दाटलेलें असतें, गाडींत चार-पांच माणसें ओल्या कपड्यांनीं बसलेलीं असतात आणि त्यांच्या श्वासांतील वाफ समोरच्या कांचेवर जमूं लागते. ती घालविण्यास एसीनें कोरडी केलेली हवा जोरानें कांचेवर सोडावी लागते. गाळणी बुजलेली असेल, तर हा जोरच मिळत नाहीं. चालक एका हातानें फडकें फिरवीत दुसऱ्या हातानें वळण घेतो. घाटांत असा एक क्षणहि जिवावर बेतूं शकतो.

गाळणी पाहण्याची रीत कठीण नाहीं. प्रथम गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून गाळणीची जागा निश्चित करावी. कांहीं गाड्यांत ती बॉनेटखालीं किंवा पायांपाशीं असते. गाडी बंद करून किल्ली काढून घ्यावी. नाकातोंडावर रुमाल किंवा मुखपट्टी बांधावी. डाव्या बाजूचा कप्पा रिकामा करावा. पुष्कळ गाड्यांत त्याच्या एका बाजूस लहान दांडी किंवा दोरी अडकविलेली असते, ती सोडवावी. मग कप्प्याच्या दोन्ही भिंती किंचित् आंत दाबल्या म्हणजे तो खालीं झुकतो. जोर मात्र करूं नये, कारण प्लास्टिकचे आंकडे तुटतात. मागें एक लांबट झांकण दिसेल. त्याच्या कळा दाबून तें काढावें, खालीं जुनें वर्तमानपत्र पसरावें आणि गाळणी सरळ, सावकाश ओढून घ्यावी. ती तिरपी झाली, तर वरचा पाचोळा पंख्यांत पडतो. चौकटीवर हवेची दिशा दाखविणारा बाण असतो. तो कोणत्या बाजूस होता, हें बाहेर काढतांनाच पाहून ठेवावें.

आतां गाळणी उजेडासमोर धरावी. निऱ्यांमधून उजेड दिसत असेल आणि रंग नुसता मळकट असेल, तर वर पडलेली पानें व किडे हलक्या हातानें झाडून ती आणखी कांहीं दिवस वापरण्यास हरकत नाहीं. निऱ्या काळ्या होऊन मिटल्या असतील, कापड ओलें, बुरसलेलें, फाटलेलें किंवा उंदरांनीं कुरतडलेलें असेल, तर विचार करीत बसूं नये, ती बदलावीच. साधारणतः वर्षांतून एकदां किंवा १५ ते २० हजार किलोमीटरांनंतर बदल सुचविला जातो. धुळीच्या प्रदेशांत ही मुदत बरीच अलीकडे आणावी लागते. गाळणीची किंमत गाडीनुसार कांहींशें रुपयांच्या घरांत असते.

नवी गाळणी घेतांना गाडीचें नांव, नमुना व वर्ष सांगावें आणि जुनीशीं माप ताडून पाहावें. लहान गाळणी खांचेंत शिरते खरी, पण कडेनें मोकळी वाट राहते आणि हवा नेहमीं मोकळ्या वाटेनेंच जाते. बसविण्यापूर्वीं आंतली खांच ओलसर फडक्यानें पुसावी. बाण योग्य दिशेस ठेवून, चौकट न दुमडतां, गाळणी आंत सरकवावी. झांकण ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबावें. कप्पा व त्याची दांडी पूर्ववत् अडकवावी. आणि पंखा प्रत्येक वेगावर चालवून पाहावा. शेवटीं हात साबणानें धुवावे.

कांहीं चुकीच्या सवयी टाळणें तितकेंच आवश्यक आहे. जुनी गाळणी दाबाच्या हवेनें फुंकून परत बसविण्याचा प्रघात आहे. त्यानें वरची धूळ उडते, पण तंतूंमध्यें रुतलेले सूक्ष्म कण निघत नाहींत आणि कापडाला इजा पोंचते. जी धुण्याजोगी आहे असें निर्मात्यानें स्पष्ट सांगितलें आहे, तेवढीच धुवावी. इतर गाळण्या धुतल्या, तर त्यांच्यावरील विजेचा भार जातो. ‘वारा चांगला लागतो’ म्हणून गाळणी काढूनच टाकणें हें तर चष्मा जड होतो म्हणून डोळे मिटून चालण्यासारखें आहे.

गाळणीच्या मर्यादाहि जाणून असाव्या. साधी गाळणी कण अडविते, वायु अडवीत नाहीं. कोळशाचा थर असलेली गाळणी धुराचा वास व कांहीं वायु शोषून घेते. परंतु तिची शोषणशक्ति संपली, तरी ती वरून स्वच्छच दिसते, म्हणून तिच्या बाबतींत मुदत पाळावी. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु या दोहोंपैकीं कोणतीहि गाळणी रोखीत नाहीं. यास्तव बंद जागेंत इंजिन चालू ठेवून गाडींत कधींहि बसूं नये. पाचट जळत असलेल्या शेताजवळून जातांना बाहेरची हवा बंद करणारी कळ दाबावी, आणि धूर मागें पडतांच ती पुन्हां उघडावी. ती तासन्‌तास बंद राहिली, तर श्वासांतील कार्बन डायऑक्साइड आंत सांचून चालकाला जडपणा व झोंप येऊं लागते, आणि कांचेवर वाफहि लवकर धरते.

हें सर्व लक्षांत ठेवण्यास निराळ्या वहीची गरज नाहीं. येथल्या ऋतूंनींच दोन दिवस नेमून दिले आहेत. गळिताची काजळी आणि उन्हाळ्याची माती गाळणींत बसलेली असते, म्हणून मृग नक्षत्रापूर्वीं, मे महिन्याच्या अखेरीस, ती एकदां काढून पाहावी. म्हणजे पहिल्या पावसांत कांच स्वच्छ राहील. दुसरी वेळ पाऊस सरल्यावर, ओल व बुरशी शोधण्यासाठीं. त्या सुमारास खंडेनवमी येते. घरोघरीं गाडी धुतात, तिला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात. त्याच सकाळीं डाव्या बाजूचा कप्पा उघडून गाळणीहि उजेडांत पाहिली, तर दसऱ्याला सीमोल्लंघनास निघालेल्या मुलांना व वडीलधाऱ्यांना गाडींत चांगली हवा मिळेल.