चौघांचा डाव आणि एकशे एकावा पत्ता

गणपतीत आमच्याकडे, खालापूर तालुक्यातल्या चौकला, रात्र पत्त्यांवर जागते. भजनी मंडळी उठली की ओटीवर सतरंजी पडते आणि मेंढीकोटाचे चार भिडू समोरासमोर बसतात. अशाच एका रात्री डोंबिवलीच्या भाच्याने पिशवीतून चार डबे काढले. प्रत्येकात शंभर पत्ते, प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं पाकीट. राजा-राणी नाहीत, बदाम-किलवर नाही. काकूने विचारलं, "वाटायचे कुणी?"

"वाटायचे नसतात गं आजी. ज्याने त्याने आपला कॅट घरून बांधून आणायचा."

"म्हणजे हुकूम घरूनच ठरवून यायचं? ही तर लबाडी झाली."

ही लबाडी म्हणजेच हा खेळ, हे कळायला मला वर्ष लागलं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, असे १२० पत्ते असतात. कुणीही पिसले, कुणीही वाटले तरी तेच १२०. रमी असो की झब्बू, कॅट सगळ्यांचा एक आणि नशीब ज्याचं त्याचं. लहानपणी आम्ही पैलवानांची ट्रम्प कार्डं जमवायचो, तिथेही गड्डी छापणाऱ्याने ठरवलेली. इथे मात्र अर्धा डाव सतरंजीवर बसण्याआधीच खेळून झालेला असतो.

खेळाचं नाव मॅजिक : द गॅदरिंग. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो काढला आणि १९९३ साली तो बाजारात आला. त्याच वर्षी गारफिल्डला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, विषय क्रमचय-संचयाचं गणित. माणूस योग्य धंद्याला लागला म्हणायचं. पहिल्या संचात २९५ पत्ते होते, आज पंचवीस हजारांच्या वर वेगवेगळे पत्ते आहेत. त्यातून आपले निवडून जी गड्डी बांधायची तिला खेळणारे डेक म्हणतात. मोबाइल-संगणकावरही असे खेळ आहेत. भूजच्या तीर्थ मेहताने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या हर्थस्टोनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तोही डेक बांधायचाच खेळ. त्या वर्षी ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय होते, म्हणून ते पदक भारताच्या अधिकृत यादीत नाही.

भाच्याने आणला तो मॅजिकचा चौघांनी खेळायचा प्रकार, कमांडर. अलास्कातल्या हौशी मंडळींनी तो सुरू केला, शेल्डन मेनेरी या पंचाने जगभर नेला आणि २०११मध्ये मॅजिक छापणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने त्याचे तयार डेक विकायला काढले. एक म्होरक्या, बाकी ९९ पत्ते. म्होरक्याच्या रंगाबाहेरचा पत्ता चालत नाही आणि साध्या जमिनींचे पत्ते सोडले तर एका नावाचा पत्ता दुसऱ्यांदा घेता येत नाही. प्रत्येकाकडे चाळीस प्राण. तिघांना संपवून उरेल तो जिंकला.

माझा पहिला डेक मी लग्नाच्या रुखवतासारखा मांडला होता. झळकणारं ते सगळं त्यात. राक्षस, ड्रॅगन, एकाच पत्त्यात निम्मं मैदान साफ करणारे मंत्र. पहिल्या डावात पाच पाळ्या मी हातातले पत्ते नुसते न्याहाळत बसलो. "मामा, तुझ्याकडे जमिनीच नाहीत," भाचा म्हणाला. खालापूर तालुक्यातल्या माणसाला हे वाक्य तसं झोंबणारंच. पण खरं होतं.

जमीन हा या खेळातला सर्वांत साधा पत्ता. एका पाळीला एकच मांडता येते आणि तिच्यातून माना, म्हणजे खर्चायची ताकद, मिळते. सात मानांचा ड्रॅगन हातात आहे आणि जमिनी दोन, तर तो ड्रॅगन कॅलेंडरवरच्या चित्रापेक्षा जास्त कामाचा नाही. मी झळकणाऱ्या पत्त्यांना जागा करायला जमिनी तीसवर आणल्या होत्या. हिशेब असा : ९९ पत्त्यांत ३० जमिनी असतील तर पहिल्या सात पत्त्यांत एक किंवा शून्य जमीन येण्याची शक्यता ३१ टक्के, जवळजवळ तीन डावांत एकदा. जमिनी ३७ केल्या की ती १९ टक्क्यांच्या आत येते आणि दोन ते चार जमिनींचा कामाचा हात चारपैकी तीन वेळा पडतो. चौघांच्या डावात पहिला हात एकदा फुकट बदलून मिळतो, त्यामुळे उरलेली भीतीही बरीच कमी होते.

३७ हा आकडा आमच्या भागाला नवा नाही. कर्जतच्या पुढे बोरघाटाचा चढ सदतीसास एक आहे, म्हणून कर्जतला बहुतेक गाड्यांच्या मागे बँकर इंजिनं जोडतात. गाडीच्या पाटीवर त्यांचं नाव नसतं, फोटो कुणी काढत नाही, पण ती नसतील तर गाडी लोणावळा पाहत नाही. डेकमधल्या जमिनी आणि जमिनीला हातभार लावणारे पत्ते ही तशीच इंजिनं. सोल रिंग नावाचा पत्ता एक माना घेतो आणि दर पाळीला दोन देतो. पहिल्या संचापासून तो आहे, दिसायला नुसती अंगठी.

एका नावाचा पत्ता दुसऱ्यांदा घेता येत नाही, म्हणून एका कामाला अनेक नावं शोधावी लागतात. समजा, लवकर ताकद वाढवणारा पत्ता सुरुवातीलाच हवा. असा एकच ठेवला तर तो पहिल्या सातांत येण्याची शक्यता सात टक्के. त्याच कामाचे दहा वेगवेगळे ठेवले तर निदान एक येण्याची शक्यता ५४ टक्के. म्हणून जाणकार डेककडे ९९ पत्ते म्हणून पाहत नाहीत. लग्नघरी जसं वाढपी किती, पाणके किती, पंगतीला आग्रह करणारे किती असं मोजतात, तसं ताकदीला दहा, पत्ते ओढायला दहा, दुसऱ्याचा डाव मोडायला दहा असं ते मोजतात. आग्रह करणारे नेहमीच जास्त झालेले असतात.

इथपर्यंतच्या हिशेबाचं तत्त्व दोघांच्या खेळालाही लागू. चौघे बसले की गणित फिरतं, आणि माझ्या मते खरी मजा इथून सुरू होते. दोघांच्या मॅजिकमध्ये समोरच्याचे वीस प्राण घ्यायचे असतात, तीन प्राण घेणारे सात पत्ते पुरतात. चौघांत तिघांचे मिळून १२०, म्हणजे प्रत्येकाला चौदा असे तसले बेचाळीस पत्ते. तो रस्ताच बंद. शिवाय मी माझा एक पत्ता खर्चून तुझा एक मोडला, तर तू आणि मी दोघेही एकेकाने गरीब झालो आणि बाजूला बसलेले दोघे फुकटात श्रीमंत. म्हणून इथे एकास एक अशा बदल्यापेक्षा सगळ्यांना एकदम लागू पडणारा पत्ता मोलाचा. ऱ्हिस्टिक स्टडी नावाचा पत्ता म्हणजे आमचा खालापूरचा टोलनाका. समोरचा कुणीही मंत्र टाको, एक माना जादा भर, नाहीतर मी एक पत्ता ओढतो. आणि टोलनाक्यासारखंच, सगळे आधी कुरकुरतात, फक्त इथे मग न भरताच पुढे जातात.

स्पर्धेच्या टोकाला पोहोचलेले डेक राक्षस पाळतच नाहीत. थासाज ओरॅकल आणि डिमॉनिक कन्सल्टेशन हे दोन पत्ते मिळून तीन मानांत डाव संपवतात. आपल्या डेकमध्ये नसलेल्या पत्त्याचं नाव घ्यायचं, तो शोधता शोधता आपली अख्खी गड्डी बाहेर जाते आणि गड्डी रिकामी झाली म्हणून ओरॅकल जिंकून देते. त्याला अडवणारे पत्ते असतात, पण तिघांपैकी अडवायचं कुणी? वाडीतला नळ फुटला की शेजारचा दुरुस्त करील म्हणून प्रत्येक जण वाट पाहतो, तसंच इथे. ज्याने अडवलं त्याचा हात रिकामा झाला, आणि त्याच्या पुढच्या भिडूला मैदान मोकळं. त्यामुळे आपण कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर बसलोय, हेही डेक खेळवताना मोजावं लागतं. मेंढीकोटात समोर बसलेला तरी आपला असतो.

डेक घासूनपुसून नीट करण्याच्या युक्त्या तशा कंटाळवाण्या आहेत. एकट्याने बसून पहिले सात पत्ते पन्नास वेळा काढून पाहायचे. विकत घेण्याआधी पत्त्याचं नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात सरकवायचं आणि घरच्या डावात वापरून पाहायचं, ही पैसे वाचवणारी सवय मला भाच्याने लावली. डाव संपल्यावर वहीत एकच नोंद : हरताना हातात कोणता पत्ता अडकला होता? जिंकलेल्या डावात कोणता पत्ता चमकला, हे लिहू नका. जिंकताना सगळेच चमकतात. एकच पत्ता तीन डाव हातात अडकला तर तो बाहेर, मग तो कितीही आवडता असो. आणि एका वेळी दोन-तीनच बदला. दहा बदलले तर फरक कशाने पडला, ते कळत नाही.

नवा पत्ता सापडला की डेक एकशे एकाचा होतो आणि कुणाला तरी काढावंच लागतं. नवशिका इथे हटकून जमीन काढतो. मीही काढायचो. दरम्यान पत्ते बंदही होतात. सप्टेंबर २०२४मध्ये कमांडरच्या नियम समितीने माना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस असे महागडे पत्ते एका दिवसात बाद केले. चिडलेल्या खेळाडूंनी समितीतल्या स्वयंसेवकांना धमक्या दिल्या आणि आठवड्याभरात या प्रकाराचा कारभार विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे गेला. खेळासाठी माणसांना धमकावणं हा निव्वळ नादानपणा, पण त्या बंदीने अनेकांचे बांधलेले डेक एका रात्रीत उसवले हेही खरं.

सुरुवात करायची असेल तर तयार डेक घ्या, त्याला हात न लावता दहा डाव खेळा आणि मग वही उघडा. यंदाच्या गणपतीत काकूने "एकदा बघू" म्हटलंय, म्हणजे आम्ही तिघे झालो. चौथा भिडू हवा आहे. पनवेल-कर्जत रस्त्याने येत असाल तर चौकला उतरा, डेक घेऊन या, आणि निघण्यापूर्वी जमिनी मोजा.