तळहातातील गाठ आणि किरणोपचाराची वेळ

तळहातावर, अनामिकेच्या मुळापासून थोडी खाली, एक लहानशी कठीण गाठ हाताला लागते. ती बहुधा दुखत नाही, लाल होत नाही, कामात अडथळाही आणीत नाही. उत्तर युरोपातील पन्नाशी ओलांडलेला एखादा सुतार तिला प्रथम घट्टाच समजतो; आयुष्यभर हत्यार धरलेल्या हाताला घट्टा पडावा यात नवल ते काय! काही महिन्यांनी तेथील कातडी आत ओढली जाऊन बारीकशी खळगी पडते. पुढे गाठीपासून बोटाकडे जाणारी एक ताठ दोरी कातडीखाली दिसू लागते. आणि मग केव्हा तरी, कधी दोन वर्षांनी तर कधी वीस वर्षांनी, अनामिका किंवा करंगळी तळहाताकडे झुकते ती पुन्हा सरळ होतच नाही. तोंड धुताना वाकलेले बोट डोळ्यात जाते, हातमोजा चढत नाही, खिशात हात घालावा तर बोट काठाला अडकते.

या विकारास इंग्रजी वैद्यकात डुपिट्रेनचा विकार म्हणतात. गियोम द्युपुइत्रँ (1777–1835) हे पॅरिसमधील नामांकित शस्त्रवैद्य. 1831 मध्ये त्यांनी एका मद्यव्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया केली आणि दोष बोट वाकविणाऱ्या कंडरेत नसून तळहाताच्या कातडीखालील चिवट पडद्यात असतो, असे प्रतिपादन केले. रोगाला नाव त्यांचे मिळाले, तरी तो प्रथम त्यांनाच दिसला असे मात्र नव्हे. बाझेलचे फेलिक्स प्लाटर यांनी 1614 मध्ये अशा हाताचे वर्णन करून ठेवले होते, आणि लंडनच्या अॅस्टली कूपर यांनीही 1822 मध्ये त्याविषयी लिहिले होते. कीर्तीचा न्याय असा चमत्कारिक असतो! स्कॉटलंडात मशकवाद्य वाजविणाऱ्या मॅकक्रिमन घराण्याचा शाप म्हणूनही हा रोग ओळखला जाई. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हातावर 1986 मध्ये आणि अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या हातावर 1989 मध्ये याच विकारासाठी शस्त्रक्रिया झाली.

रोग बव्हंशी आनुवंशिक आहे. उत्तर युरोपातील वंशांत तो विशेष आढळतो, म्हणून लोक त्याला व्हायकिंगांचा रोग म्हणतात. परंतु 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्याचा धागा व्हायकिंगांच्याही फार मागे नेला. या रोगाचा धोका वाढविणारे काही प्रबळ आनुवंशिक घटक निअँडरथाल मानवाकडून आजच्या माणसांत आलेले आहेत, असे त्या संशोधकांना आढळले. मधुमेह, धूम्रपान आणि अतिरिक्त मद्यपान यांचाही या रोगाशी संबंध दिसून येतो.

तळहाताच्या कातडीखाली तंतूंचा एक पडदा पंख्यासारखा पसरलेला असतो. त्याच्यामुळे कातडी घट्ट बसते आणि मुठीतील वस्तू निसटत नाही. या पडद्यात तंतू निर्माण करणाऱ्या पेशी असतात. रोगाच्या प्रारंभी याच पेशी कारण नसताना वाढू लागतात, आणि त्यांतील काही पेशींना स्नायूप्रमाणे आकुंचन पावण्याचा गुण प्राप्त होतो. हाताला लागणारी गाठ म्हणजे या जिवंत, वाढत्या पेशींचा समूह होय. पुढे त्या पेशी कोलॅजन नावाच्या द्रव्याचे जाड तंतू विणीत जातात, आकसतात, आणि अखेरीस पेशी थोड्या व तंतू फार अशी दोरी मागे उरते. म्हणजे गाठ ही रोगाची धगधगती अवस्था, तर दोरी ही निवालेली अवस्था.

किरणोपचाराचे सारे मर्म या फरकात आहे. क्ष-किरणांचा परिणाम वाढणाऱ्या पेशींवर होतो. एकदा विणल्या गेलेल्या दोरीवर होत नाही. त्यामुळे ज्याचे बोट वाकून बसले आहे त्याने किरणोपचारासाठी धावणे म्हणजे वरातीमागून घोडे. तेथे शस्त्रक्रियेने दोरी काढावी लागते, किंवा सुईने ती जागोजाग कापावी लागते. कोलॅजन विरघळविणारे एक इंजेक्शनही 2010 पासून अमेरिकेत मिळू लागले. युरोपच्या बाजारातून ते 2020 मध्ये काढून घेण्यात आले. हे सर्व उपाय बोट सरळ करतात, परंतु रोगाचे मूळ जागेवरच असल्यामुळे बोट पुन्हा वाकण्याचा संभव राहतो. उलट किरणोपचार बोट सरळ करीत नाही. ते वाकू नये एवढ्याचसाठी तो असतो.

येथेच रुग्णाची खरी कोंडी होते. इंग्लंडात किंवा अमेरिकेत असा रुग्ण गाठ घेऊन डॉक्टरांकडे जातो, तेव्हा त्याला पुष्कळदा एकच उत्तर मिळते: हात टेबलावर पालथा ठेवून पाहा, तो सपाट बसत नाहीसा झाला म्हणजे या. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने हा सल्ला योग्यच आहे, कारण गाठ आहे एवढ्यावरून कोणी हात कापीत नाही. पण टेबलाची ही परीक्षा ज्या दिवशी नापास होते, त्या दिवशी किरणोपचाराची वेळ बहुतांशी निघून गेलेली असते. दुसऱ्या बाजूने पाहावे, तर कित्येकांची गाठ आयुष्यभर गाठच राहते आणि बोट कधीच वाकत नाही. अशा माणसाने किरण घेतले, तर जो रोग वाढणारच नव्हता त्यासाठी त्याने उपचार सोसला असे होईल. तहान लागण्यापूर्वी विहीर खणावी हे खरे. पण तहान लागणारच आहे की नाही, हे येथे आधी कळत नाही.

अनुभव काय सांगतो? या रोगासाठी किरण वापरण्याची कल्पना नवी नाही. 1950 नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये व जर्मनीत त्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले होते. पुढे जर्मनीने ती परंपरा नेटाने चालविली, कारण कर्करोग नसलेल्या विकारांवरही अल्प मात्रेत किरण देण्याची तेथे रीत आहे. एर्लांगेनच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये 135 रुग्णांच्या 208 हातांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. उपचारानंतर मध्यमानाने 13 वर्षे त्यांनी हे हात पाहिले होते. ज्यांच्या हाताला केवळ गाठी होत्या, त्यांच्यापैकी शेकडा 87 हातांत रोग जागच्या जागी थांबला किंवा मागे हटला. बोट किंचितसे, म्हणजे 10 अंशांपर्यंत वाकलेले असता हे प्रमाण शेकडा 70 होते. त्याहून अधिक वाकलेल्या बोटांत मात्र चित्र उलटे झाले: पहिल्या पायरीवर शेकडा 62 आणि दुसरीवर शेकडा 86 हातांत रोग वाढतच गेला.

हे आकडे मोहक आहेत, आणि म्हणूनच सावधपणे वाचावयास हवेत. या हातांशेजारी तुलनेसाठी किरण न दिलेले तेवढेच हात ठेवलेले नव्हते. 87 पैकी किती जण उपचारावाचूनही तसेच राहिले असते, हे त्या वृत्तांतावरून ठरविता येत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची पारख करणाऱ्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने 2016 मध्ये नेमके याच उणिवेवर बोट ठेवले. सुरक्षिततेविषयी मोठी शंका नाही, परंतु गुणाचा पुरावा अपुरा आहे. यास्तव रुग्णास ही अनिश्चितता समजावून आणि परिणामांची नोंद ठेवूनच हा उपचार करावा, असा तिच्या मताचा आशय होता. याच जातीच्या गाठी तळपायालाही येतात. त्यांवरील किरणोपचाराची तुलनात्मक परीक्षा नेदरलँड्समध्ये झाली आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत किरण घेतलेल्यांची वेदना अधिक कमी झाल्याचे दिसले. मात्र तळपायाचे दुखणे निराळे आणि बोट वाकणे निराळे.

प्रत्यक्ष उपचार अगदी साधा असतो. डॉक्टर तळहात चाचपून गाठींभोवती थोडी मोकळी जागा सोडून शाईने रेघ आखतात. तेवढा भाग उघडा ठेवून बाकीचा हात शिशाच्या पत्र्याने झाकतात. रुग्णाने यंत्राखाली हात उताणा ठेवावयाचा. काही मिनिटांत काम आटोपते, वेदना होत नाही. रूढ पद्धतीत रोज 3 ग्रे याप्रमाणे पाच दिवस किरण देतात, दीड ते तीन महिने थांबतात, आणि पुन्हा तसेच पाच दिवस देतात. मिळून 30 ग्रे. दुसऱ्या एका पद्धतीत सात वेळांत 21 ग्रे देतात. कर्करोगावर पुष्कळदा 60 ग्रे किंवा त्याहूनही अधिक द्यावे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे मात्रेची कल्पना येईल. त्यानंतर कातडी लाल होते, कोरडी पडते. काहींच्या तळहाताचा कोरडेपणा कायम राहतो किंवा कातडी पातळ होते. किरणांमुळे पुढे कर्करोग होण्याचा धोका अत्यल्प मानतात. एर्लांगेनच्या रुग्णांत तसे एकही उदाहरण आढळले नाही. तरी तो शून्य म्हणता येत नाही, आणि पुढे आयुष्य जितके अधिक तितका त्याचा विचार अधिक. म्हणूनच तरुण माणसाच्या बाबतीत डॉक्टर हात आखडता घेतात.

आपल्याकडे हा विकार विरळा आहे. मधुमेह मात्र विरळा नाही, आणि मधुमेही माणसाच्या तळहाताचा पडदा जाड होऊन गाठी येणे अपरिचित नाही. मधुमेहाबरोबर येणारा हा प्रकार बहुधा सौम्य असतो. बोट अडकून कट्‌कन सुटणे हा तर कंडरेचा निराळाच विकार होय, आणि त्यास या किरणांचा उपयोग नाही. तेव्हा गाठ कसली आहे, हे हाताच्या शस्त्रवैद्याकडून आधी ठरवून घ्यावे लागते.

ते ठरल्यावर विचारावयाचा प्रश्न एकच उरतो: गाठ वाढत आहे काय? गेल्या सहा महिन्यांत किंवा वर्षभरात तिचा आकार वाढला, नवी गाठ आली, खाज किंवा ठणका सुरू झाला, तर किरणोपचाराचा विचार करण्यास आधार मिळतो. वर्षानुवर्षे निपचित पडलेल्या गाठीला बहुधा नुसते पाहत राहतात. या प्रश्नाचे उत्तर स्मरणावर सोडू नये. कागदावर हात पालथा ठेवून बाह्यरेषा काढावी, गाठींच्या जागी खुणा कराव्यात, त्यांची लांबीरुंदी मिलिमीटरमध्ये मोजून तारखेसह लिहावी, शेजारी छायाचित्र जोडावे, आणि तीन महिन्यांनी दुसरा कागद घ्यावा. असे दोन-तीन कागद घेऊन गेलेल्या रुग्णाशी डॉक्टरांना नेमके बोलता येते. आणि किरण घेतल्यावर वर्षाने, दोन वर्षांनी गाठ थांबली की नाही, हेही त्याच कागदांवरून पाहावे लागते.