अर्जात न आलेल्या बायका

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा आम्ही तिथे सालमिया भागातच राहत होतो. नवरे खुबूसच्या, म्हणजे तिथल्या रोटीच्या, रांगेत गेले की इमारतीतल्या आम्ही बायका मुलांना घेऊन एकाच घरात, आतून कडी लावून बसायचो. वरच्या मजल्यावरचं कुवेती कुटुंब निघून गेलं होतं. त्यांच्याकडे कामाला असलेली श्रीलंकेची मुलगी मागेच राहिली. तिचा पासपोर्ट मालकाकडे होता. समोरच्या काकू तिला हाताला धरून खाली घेऊन आल्या. म्हणाल्या, "ही आपल्यात झोपेल. कुणी विचारलं तर माझी भाची आहे म्हणून सांगा."

आम्हा भारतीयांना सैनिक सहसा हात लावत नसत, दिल्ली-बगदादचे संबंध बरे होते. पण इराकी ताब्याच्या त्या सात महिन्यांत कुवेती बायकांवर आणि परदेशातून घरकामाला आलेल्या मुलींवर बलात्कार झाले. संयुक्त राष्ट्रांनी चौकशीसाठी नेमलेल्या वॉल्टर केलिन यांच्या १९९२ च्या अहवालात त्याची नोंद आहे.

आणि कुवेती बायका काही नुसत्या सोसत राहिल्या नाहीत. ऑगस्टमध्येच त्या निदर्शनं करत रस्त्यावर उतरल्या. सना अल-फुदरी गोळी लागून गेली. असरार अल-कबंदीने लोकांना सीमेपार पोचवलं, आतली माहिती बाहेर पाठवली. जानेवारी १९९१ मध्ये तिला ठार मारलं. पण युद्ध थांबल्यावर मार्चमध्ये इराकमधल्या सफवानच्या तंबूत शस्त्रसंधीची बोलणी झाली तेव्हा समोरासमोर बसले ते सेनापती. विषय कैद्यांचे, सीमारेषेचे, हेलिकॉप्टरचे. शांततेच्या बोलण्यांत बायकांना जागा हवी असं सुरक्षा परिषदेने ठरावात म्हणायला २००० साल उजाडलं. तो ठराव १३२५. युद्धातला बलात्कार हा युद्धगुन्हा ठरू शकतो, हे बजावणारा ठराव १८२० तर २००८ चा.

एक गोष्ट मात्र त्याआधीच झाली होती, आणि तिचं मोल मला मोठं वाटतं. इराककडून भरपाई मिळवून देण्यासाठी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा आयोग बसला. त्याने लैंगिक अत्याचार 'गंभीर इजे'त धरला. भरपाई २,५०० डॉलर. मानसिक यातनांसाठी दर प्रसंगामागे ५,००० पर्यंत वेगळे. पण नुसतं कुवेत सोडावं लागलं म्हणून एकट्या माणसाला २,५०० होते, दुसरा कुठला दावा नसेल तर ४,०००! हा हिशेब मला अजून पटलेला नाही.

आमच्या ओळखीत या भरपाईचे अर्ज नवऱ्यांनीच भरले. फ्रिज, गाडी, थकलेला पगार, सगळं आठवून आठवून लिहिलं. अत्याचाराच्या रकान्यात कुणाच्या बायकोचं काही लिहिलेलं मी ऐकलं नाही. घडलंच नसेल, असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. सरकारी कचेरीतून जाणारा, घरातल्या चार जणांनी वाचलेला कागद. त्यावर कोण लिहील? आणि ज्या मुलीकडे पासपोर्टच नव्हता, तिने अर्ज द्यायचा तरी कुणाकडे?

म्हणून मला वाटतं, चौकशीला बाई हवी, तिला पीडितेची भाषा यायला हवी, आणि तो कागद घरच्यांच्या हातून न जाता थेट पोचायला हवा. हे सगळं बोलणी चालू असतानाच ठरायला हवं, त्यासाठी तिथे बायका बसलेल्या हव्यात. रात्री कुणाला कुठे झोपवायचं हे आमच्या काकूंना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.