विश्लेषण : बाजारभावापेक्षा खूपच स्वस्त जुनी मोटार… घ्यावी की सोडावी?

साडेचार लाखांना मिळणारी गाडी कोणी सव्वातीन लाखांना देऊ केली, तर पहिला विचार ‘नशीब उघडले’ असा येतो आणि दुसरा ‘यात काही तरी गोम असणार’ असा. दुसरा विचार बहुतेक वेळा बरोबर असतो. पण गोम असली म्हणजे गाडी सोडलीच पाहिजे असे नाही. गोम कोणती, ती दुरुस्त होण्यासारखी आहे का आणि तिची किंमत रुपयांत मांडता येते का, यावर व्यवहार ठरतो.

जुनी गाडी स्वस्त का असते?

कारणांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला गट निरुपद्रवी कारणांचा. मालक परदेशी निघाला, घरात दुसरी गाडी आली, ते मॉडेल कंपनीने बंद केले, रंग कोणाला आवडत नाही किंवा विमा संपत आला. दुसरा गट खर्चाच्या कारणांचा. टायर झिजलेले, क्लच गेलेला, सस्पेन्शनचा आवाज, एसी थंड न करणारा. या प्रत्येक गोष्टीचा भाव गॅरेजमध्ये मिळतो. तिसरा गट धोक्याचा. गाडी पुरात बुडालेली, मोठ्या अपघातातून उभी केलेली, कर्जाचा बोजा असलेली, चोरीची किंवा आधी टॅक्सी म्हणून धावलेली असणे. पहिल्या दोन गटांतील गाडी घासाघीस करून घेता येते. तिसऱ्या गटातील बहुतेक गाड्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी महागच पडतात.

गाडी पाहण्याआधी काय तपासावे?

सुरुवात कागदपत्रांपासून करावी, कारण त्यासाठी घराबाहेर पडावे लागत नाही. विक्रेत्याकडून गाडीचा क्रमांक घ्यावा. परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर किंवा ‘एमपरिवहन’ ॲपवर त्या क्रमांकावरून नोंदणीची तारीख, इंधन, वाहनाचा प्रकार, विमा आणि पीयूसीची मुदत यांसारखे तपशील दिसतात. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची नोंद दिसते. थकीत ई-चलन स्वतंत्रपणे पाहता येते. गाडी चोरीची म्हणून नोंदवली आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर तपासता येते. क्रमांक द्यायलाच विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आरसीवर मालकाचा अनुक्रमांक असतो. चार वर्षांच्या गाडीचा तिसरा किंवा चौथा मालक विकत असेल, तर ती इतक्या हातांतून का फिरली हे विचारावे. पिवळ्या पाटीची गाडी खासगीत रूपांतरित केलेली असेल, तर ती वर्षाला खासगी गाडीच्या कितीतरी पट धावलेली असू शकते.

जुन्या विम्याच्या कागदावरून काय कळते?

बरेच काही कळते. ज्या वर्षी दावा केला जात नाही, त्याच्या पुढच्या नूतनीकरणात ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. तो २० टक्क्यांपासून सुरू होतो आणि सलग पाच वर्षे दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जातो. सहा वर्षांची गाडी, एकच मालक, ‘कधी ओरखडाही नाही’ असे सांगणे आणि पॉलिसीवर बोनस शून्य, हे जुळत नाही. गेल्या वर्षी दावा कशाचा झाला, असे सरळ विचारावे. मात्र हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. तो आधीच्या गाडीवरूनही आलेला असू शकतो. म्हणून शून्य बोनस हा इशारा समजावा, पण ५० टक्के बोनस ही गाडी निर्दोष असल्याची हमी समजू नये. विकत घेणाऱ्याला हा बोनस मिळत नाही, हेही हिशेबात धरावे.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखावी?

२००५ चा मुंबईचा महापूर, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, २०२१ चा चिपळूणचा पूर, २०१५ आणि २०२३ मध्ये चेन्नईत तुंबलेले पाणी, अशा प्रत्येक आपत्तीत मोठ्या संख्येने गाड्या पाण्याखाली जातात. दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला भरपाई मिळते आणि गाडीचा सांगाडा लिलावात जातो. तेथून काही गाड्या भंगारात जाण्याऐवजी धुऊन-पुसून, नवे सीट कव्हर घालून पुन्हा बाजारात येतात, अनेकदा दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात.

अशी गाडी विकत घेतल्यावर काही महिने छान चालते. मग पॉवर विंडो, सेन्सर, ईसीयू, एअरबॅग असे एकेक बिघडू लागते. वायरिंगच्या जोडांत आत शिरलेला गंज थांबत नाही आणि तो एकदा दुरुस्त करून संपतही नाही. म्हणून या दोषाची किंमत आधी काढता येत नाही.

ओळखण्यासाठी पायाखालचे कार्पेट उचलावे. सीटच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांवर गंज आहे का ते पाहावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ दिसते का ते बघावे. डिकीतील स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बारीक गाळ आहे का ते तपासावे. हेडलाइटच्या आत दमटपणा, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर, कुबट वास किंवा तो झाकण्यासाठी मारलेला उग्र सुगंध याही खुणा आहेत. दहा वर्षांच्या गाडीत कार्पेट मात्र कोरे करकरीत असेल, तर ते का बदलले हे विचारावे.

मोठा अपघात आणि मागे फिरवलेले किलोमीटर कसे कळतात?

बंपर किंवा दरवाजा रंगवलेला असणे हा दोष नाही. आपल्या रस्त्यांवर दहा वर्षे चाललेल्या गाडीला एवढे होणारच. प्रश्न सांगाड्याला धक्का बसला आहे का, हा असतो. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे ॲप्रन, रेडिएटरची आडवी पट्टी आणि वेल्डिंगचे ठिपके पाहावेत. कारखान्यातले ठिपके सारख्या अंतरावर आणि सारख्या आकाराचे असतात. बोनेट, दरवाजे यांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते भाग कधी तरी काढलेले आहेत. दरवाजांमधल्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या हव्यात. सगळ्या काचांवर निर्मितीचे वर्ष सूचित करणारी खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली, याचे उत्तर मिळायला हवे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर तो बंद केलेला असू शकतो.

मीटरवरचा आकडा गाडीच्या वापराशी ताडून पाहावा. टायरवर चार अंकी आकडा असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. मीटर २५ हजार किलोमीटर दाखवते, पण चारही टायर गाडीच्या नोंदणीनंतर चार वर्षांनी बनलेले आहेत, तर मूळ टायर इतक्या लवकर कसे झिजले? पेडलचे रबर, गिअरची मूठ आणि ड्रायव्हरच्या सीटची कड हेही पाहावे. सर्वात खात्रीचा पुरावा म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी. तेथे दर वेळी किलोमीटर लिहिलेले असतात. विक्रेत्याला सोबत घेऊन त्या नोंदी मागाव्यात.

गाडी पाहायला जाताना ‘इंजिन सुरू करून ठेवू नका’ असे आधीच सांगावे. थंड इंजिन सुरू होताना त्रास देते का, हे गरम इंजिनावर कळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही सतत पांढरा धूर येत असेल, तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता असते. ही तपासणी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकने केलेली बरी. त्याला हजार-दोन हजार रुपये द्यावे लागले तरी ते वाया जात नाहीत.

सर्वात मोठा धोका कोणता?

कागदांचा. चोरटे एक जुनी युक्ती वापरतात. अपघातात निकामी झालेल्या गाडीचे कागद आणि क्रमांक मिळवायचे आणि त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या चोरीच्या गाडीवर तो चॅसिस क्रमांक ठोकायचा. कागद खरे, गाडी चोरीची. म्हणून आरसीवरील चॅसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी प्रत्यक्ष जुळवावा. क्रमांकाभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा असतील तर तेथूनच परतावे.

माल विक्री कायदा १९३० चे तत्त्व असे, की ज्याची मालकी नाही तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. प्रामाणिकपणे पूर्ण पैसे मोजलेल्या ग्राहकाकडूनही चोरीची गाडी जप्त होते. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, माल चोरीचा असल्याचे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे. बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत पाहून शंका आली नाही का, हा प्रश्न चौकशीत विचारला जाऊ शकतो. कर्ज बाकी असलेल्या गाडीबाबत बँकेचा हक्क आधी लागतो. बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

दुसऱ्या राज्यातील गाडी स्वस्त मिळाली तर?

दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईबाबत अंतरिम दिलासा दिला, पण मधल्या काळात तेथील अनेक गाड्या कमी भावात इतर राज्यांत गेल्या. अशी गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची तर येथील क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म २८ म्हणजे मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि येथील कर भरावा लागतो. नोंदणीची १५ वर्षे संपत आली असतील तर तोही खर्च धरावा. मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे. फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा. ना हरकत प्रमाणपत्र ‘नंतर पाठवतो’ असे सांगणाऱ्याशी व्यवहार करू नये.

हिशेब कसा मांडावा?

समजा, गाडीचा बाजारभाव साडेचार लाख आहे आणि मागणी ३ लाख २० हजारांची आहे. फरक १ लाख ३० हजारांचा. मेकॅनिकने खर्च सांगितला तो असा : चार टायर १८ हजार, क्लच १२ हजार, सस्पेन्शन १५ हजार, डेंटिंग-पेंटिंग १४ हजार, बॅटरी ५ हजार. त्यात नवा विमा १२ हजार आणि थकीत चलन ४ हजार. बेरीज ८० हजार. म्हणजे खरी बचत ५० हजारांची. त्यातील निम्मी रक्कम पुढच्या सहा महिन्यांत निघणाऱ्या कामांसाठी बाजूला ठेवावी. एवढे करूनही गाडी स्वस्त पडत असेल आणि कागद स्वच्छ असतील, तर ती घ्यायला हरकत नाही. पण तपासणीत सापडलेल्या दोषांतून सव्वा लाखाच्या फरकाचा उलगडाच होत नसेल, तर खरे कारण अजून सापडलेले नाही असे समजावे. ‘सगळे उत्तम आहे, तरी स्वस्त आहे’ हाच सर्वात वाईट निष्कर्ष.

पैसे कधी आणि कसे द्यावेत?

गाडी आणि मालक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी टोकन टाका’ हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे. विसार थोडाच द्यावा आणि कागदात खोट निघाल्यास तो परत मिळेल असे लिहून घ्यावे. उरलेली रक्कम बँकेमार्फत, आरसीवर नाव असलेल्या व्यक्तीच्याच खात्यात आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्यानंतर द्यावी. एजंटकडे कोऱ्या फॉर्मवर मालकाच्या सह्या घेऊन ठेवलेल्या असतात, त्यावर समाधान मानू नये. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद आहे. ते दाखवायला सांगावे.

गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांनी सही करून ठेवावी. गाडी ३० दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करावा आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, अन्यथा गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. विकणाऱ्यासाठीही हे तितकेच महत्त्वाचे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की गाडी पुढे अनेक हातांत गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते.

आणि शेवटची कसोटी साधी आहे. आपला मेकॅनिक आणायला नकार, सर्व्हिसच्या नोंदी दाखवायला नकार, मालकाची भेट घालून द्यायला नकार आणि ‘आणखी दोन गिऱ्हाइके येणार आहेत, आजच ठरवा’ अशी घाई. यापैकी एक गोष्ट जरी आढळली, तरी गाडी कितीही मनात भरलेली असो, ती सोडून द्यावी. जुन्या गाड्यांच्या बाजारात दुसरी गाडी मिळतेच. अडकलेले तीन लाख मात्र सहजासहजी परत मिळत नाहीत.