सागरतळीचे अर्धनारीश्वर

भाऊबीजेला भावाने बहिणीला ओवाळणी घालावी, अशी आपली रीत. आमच्या घरी सहा वर्षांपूर्वी ती उलट झाली. सौभाग्यवतींनी आपल्या थोरल्या भावाला स्वतःचे एक मूत्रपिंड दिले! तेव्हापासून मेहुणे ओवाळून घ्यायला येतात ते खिशात गोळ्यांची डबी घेऊनच. मूत्रपिंड सख्ख्या बहिणीचे खरे. पण शरीराच्या लेखी ते परकेच. त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना या गोळ्यांनी गुंगवून ठेवावे लागते. त्यामुळे मेहुणे साध्या सर्दीलाही भितात.

गेल्या भाऊबीजेला आमचे चिरंजीव म्हणाले, "मामा, समुद्रात एक मासा आहे. त्याला या गोळ्या लागत नाहीत."

हा अँग्लर, म्हणजे गळ टाकणारा मासा. शेकडो मीटर खोल, मिट्ट काळोखात राहणारा. मादीच्या कपाळावर दांडी, दांडीच्या टोकाला दिवा. तो उजळतात जिवाणू. १९२२ साली आइसलंडच्या सायमुंडसन यांना एका मोठ्या मादीला चिकटलेले दोन चिमुकले मासे आढळले. ती तिची पिल्ले असावीत, असे त्यांना वाटले. १९२५ मध्ये लंडनच्या टेट रीगन यांनी असाच एक जीव तपासला आणि उलगडा झाला : ही पिल्ले नव्हेत, हे यजमान! काही जातींत नर मादीला चावा घेऊन चिकटतो. कातडीला कातडी, रक्ताला रक्त मिळते आणि तो जन्मभर तिच्यावरच पोसला जातो.

मग मादीचे शरीर त्याला झिडकारीत कसे नाही? २०२० साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील मॅक्स प्लांक संस्थेचे टोमास बोएम व त्यांचे सहकारी यांनी या माशांची जनुके तपासून उत्तर दिले.

आपल्या रक्तातील बी-पेशी रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. 'रॅग' नावाची जनुके जणू छापखान्यातले जुळारी : मोजके खिळे निरनिराळे जुळवून प्रत्येक पेशीला वेगळा शब्द देणारी. बी-पेशींच्या भगिनी टी-पेशी, त्यांचेही खिळे हीच जुळवतात. प्रतिपिंडात बारीकसारीक फेरफार करून ते अधिक नेमके करण्याचे काम 'ए-आय-सी-डी-ए' या जनुकाचे. ज्या जातींत नर तात्पुरता चिकटतो, त्यांत हे दुसरे जनुक निकामी झालेले आढळले. कायमच्या मीलनाच्या जातींत आणखी पडझड होती. काहींत तर रॅग जनुकेही निकामी! छापखानाच बंद, मग परका कोण हे ओळखणार कोण?

रॅग जनुके बिघडलेले मानवी मूल उपचारांवाचून जगत नाही. हे मासे मात्र लक्षावधी वर्षे टिकून आहेत. जन्मजात प्रतिकारशक्तीने ती उणीव भरून काढली असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

मेहुणे हसून म्हणाले, "तो मासा बायकोच्या जिवावर जगतो, मी बहिणीच्या!"

सौभाग्यवती मात्र गंभीर होत्या. निरांजनाची वात सारीत त्या म्हणाल्या, "त्या माशांनी सगळे पहारेकरीच काढून टाकले. दादाच्या पहारेकऱ्यांना एवढेच शिकवायला हवे, की हिला आत येऊ द्या, ही घरचीच आहे."

अवयवरोपणाच्या शास्त्रापुढचा सारा प्रश्न त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. मेहुण्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि रात्रीची गोळी घेतली.