सुटकेच्या दिवसापासून सुरू होणारा प्रकल्प

समाजशास्त्र, कायदा किंवा समाजकार्य शिकणारी मुलं ‘गुन्हेगारांची शिक्षा आणि पुनर्वसन’ हा विषय मोठ्या हौसेने निवडतात. पुष्कळदा वही एकाच वाटेने जाते. आधी दंडाचे सिद्धांत येतात: प्रतिशोध, जरब, प्रतिबंध, सुधारणा. मग नॉर्वेच्या हाल्डन तुरुंगाची छायाचित्रं येतात आणि शेवटी ‘आपल्याकडेही असं व्हायला हवं’ हे वाक्य. विषय एवढ्यावर सोडून देण्याइतका हलका नाही. यात माणसांची आयुष्यं आहेत आणि अभ्यासाला लागणारी सामग्री आपल्याच जिल्ह्यात पडून आहे.

प्रश्न कुठे रोवायचा

‘शिक्षा योग्य की सुधारणा?’ हा वादविवाद स्पर्धेचा प्रश्न झाला. प्रकल्पाला तपासता येईल असा प्रश्न लागतो. माझं मत असं की तो सुटकेच्या दिवशी रोवावा. माणूस तुरुंगाच्या दारातून बाहेर पडतो त्या दिवशी त्याच्याकडे काय असतं? राहायला जागा, ओळखपत्र, गाठीला थोडे पैसे, हाताला काम आणि घरी घेणारं कोणी, यांतलं किती असतं आणि ते असावं म्हणून आत असताना कोणी काय केलं? एवढा एक प्रश्न घट्ट धरला की कायदा, तुरुंग, न्यायालय आणि समाज या चारही ठिकाणी जावंच लागतं.

आकडे वाचताना

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तुरुंगांची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध करतो. 2022 च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि जागा होती 4,36,266 जणांची. यातले 4,34,302 न्यायाधीन बंदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. शेकडा पंचाहत्तरहून जास्त!

हा आकडा प्रकल्पाची दिशाच बदलतो. सुधारणेच्या बहुतेक योजना सिद्धदोष बंद्यांसाठी आखलेल्या असतात, कारण कायद्याच्या नजरेत गुन्हा त्यांनीच केलेला असतो. मग दोन-तीन वर्षं आत काढून निर्दोष सुटलेल्या माणसाचं काय? त्याला ना शिक्षा झाली, ना त्याचं पुनर्वसन कोणाच्या यादीत आहे, पण नोकरी गेली ती गेलीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यालाही हा लाभ मिळत नाही.

दुसरी सावधगिरी ‘पुन्हा गुन्हा करणाऱ्यां’च्या टक्केवारीबद्दल. आपल्याकडचा आकडा हे सांगतो की वर्षभरात तुरुंगात आलेल्या दोषींपैकी कितींना पूर्वी शिक्षा झाली होती. परदेशी अभ्यासांत बहुधा उलट दिशेने मोजतात: सुटलेल्यांपैकी किती जण अमुक वर्षांत परत आले. काही देश पुन्हा अटक मोजतात, काही पुन्हा दोषसिद्धी, काही पुन्हा कारावास. हे दोन आकडे वेगवेगळ्या फूटपट्टीने मोजलेले आहेत. त्यांना एका तक्त्यात शेजारी उभं करून निष्कर्ष काढू नका.

कायद्याची थोडी पानं

तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. देशातल्या तुरुंगांचा कारभार दीर्घकाळ 1894 च्या कायद्यावर चालला आणि त्या कायद्याचा सगळा भर बंदोबस्तावर होता. केंद्राने 2023 मध्ये नवा नमुना कायदा तयार करून राज्यांपुढे ठेवला. त्याआधी न्यायमूर्ती मुल्ला समितीने (1980–83) तुरुंगसुधारणेचा सविस्तर अहवाल दिला होता. तो चाळल्याशिवाय प्रकल्प पुरा समजू नये.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो 1958 चा अपराधी परिविक्षा अधिनियम, कारण तो माणसाला तुरुंगात न पाठवता सुधारण्याचा रस्ता देतो. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय दोषीला चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊन सोडू शकतं आणि त्याला परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं. दोषी एकवीस वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर कायदा आणखी पुढे जातो: त्याला कैदेत पाठवायचं असेल तर न्यायाधीशाला कारणं लेखी नोंदवावी लागतात. आपल्या जिल्ह्यात ही तरतूद किती वेळा वापरली जाते, एवढाच प्रश्न घेतला तरी पदव्युत्तर प्रकल्पाला पुरेल.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने शिक्षांच्या यादीत समाजसेवेची भर घातली. ती मोजक्या किरकोळ गुन्ह्यांसाठी आहे. उदाहरणार्थ, पाच हजारांहून कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा आणि वस्तू परत केलेली. समाजसेवा कुठे करायची, हजेरी कोण घेणार, काम झालं हे कोण लिहून देणार, हे प्रश्न स्थानिक न्यायालयात विचारण्यासारखे आहेत.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करा. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नव्हे. ती मरेपर्यंतची कैद आहे. गंभीर गुन्ह्यांत चौदा वर्षं भोगल्याशिवाय शासनाला माफीचा विचार करता येत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ.

स्वतंत्रपूर: आपल्या मातीतला प्रयोग

नॉर्वेला जाण्याआधी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीला जा. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे आणि चित्रकार. त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने 1939 मध्ये प्रजेला राज्यघटना दिली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते या कामात होते. फ्रीडमन बंगळूरमधला वीजसाहित्याचा कारखाना सोडून औंधात येऊन राहिले होते. त्याच काळात आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तिचं नाव स्वतंत्रपूर.

या वसाहतीची कल्पना आजही धाडसी वाटते. तुरुंगात चांगली वर्तणूक दाखवलेला, शिक्षेचा काही भाग भोगलेला माणूस इथे येतो आणि बायकामुलांना घेऊन राहतो. उंच भिंत नाही. कसायला जमीन आहे, हजेरी आहे, नियम आहेत. कमावलेल्या पैशात घर चालवायचं. मुलं गावच्या शाळेत जाणार, बायको बाजाराला जाणार आणि बाप शिक्षा भोगत असूनही घरचा कर्ता राहणार. कैदेमुळे सगळ्यांत आधी तुटतो तो संसार, आणि स्वतंत्रपूर नेमकं तिथेच हात घालतं. सुटकेच्या दिवशी या माणसाला घरी परतायचं नसतं. तो घरातच असतो.

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) याच प्रयोगावरून सुचला. कथा ग. दि. माडगूळकरांची आणि माडगूळकर मूळचे याच मुलखातले. चित्रपटाला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, बर्लिनमध्ये गौरव झाला. पण प्रकल्पात चित्रपटाला पुरावा म्हणून वापरू नका. पडद्यावर एका सज्जन अधिकाऱ्याच्या डोळ्यांच्या धाकाने सहा खुनी बदलतात. प्रत्यक्षात माणूस बदलला असेल तर तो जमीन, कुटुंब आणि विश्वास या तिन्हींच्या जोरावर.

अवघड प्रश्न पुढे येतो. इतकी वर्षं चाललेली ही वसाहत आजही चिमुकलीच आहे. येरवडा, पैठण, मोर्शी इथे खुली कारागृहं आहेत, पण तिथे कुटुंब सोबत नसतं. स्वतंत्रपुरासारखी दुसरी वसाहत महाराष्ट्रात का उभी राहिली नाही? जमीन मिळत नाही, कैदी पळेल ही भीती, शेजारच्या गावांचा विरोध, की खात्याला ती गरजच वाटली नाही? एखाद्या विद्यार्थ्याने हे मन लावून शोधलं, तर ते वाचायला मला फार आवडेल.

न्यायालयात बसून

न्यायालयाचं कामकाज उघड चालतं, तिथे बसायला परवानगी लागत नाही. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जामिनाची प्रकरणं चालतात तेव्हा मागच्या बाकावर बसा आणि एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: जामीन मंजूर झाल्यावर पुढे काय होतं. आदेशात बहुधा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा ऐपतदार जामीनदार मागितलेला असतो. जामीनदाराला सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराचा दाखला आणि शिवाय ओळखपत्र द्यावं लागतं. पुण्यात पकडलेल्या बीडच्या ऊसतोड मजुराला पुण्यात सातबारावाला माणूस कुठून मिळणार? आदेश हातात असूनही माणूस आतच राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी यावर सूचना दिल्या. जामिनानंतर सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आणि प्राधिकरणाने त्याच्या मदतीला माणूस पाठवायचा. तुमच्या जिल्ह्यात हे होतं का? प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

कोणाशी बोलायचं

तुरुंगात जाऊन बंद्यांच्या मुलाखती घ्यायच्या तर पुण्यातल्या कारागृह मुख्यालयाची परवानगी लागते. विद्यार्थ्यांना ती सहज मिळत नाही, तिच्यासाठी अख्खं सत्र घालवू नका. परिविक्षा अधिकारी, विधी सेवेचे वकील, निवृत्त तुरुंगाधिकारी आणि सामाजिक कार्यकर्ते भेटू शकतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून बंदी आणि सुटलेल्यांसोबत काम करतो. त्याचं लेखन वाचलं की प्रश्नावलीतले अर्धे प्रश्न बदलावेसे वाटतील.

सुटून आलेला माणूस भेटला, तर ‘तुम्ही काय केलं होतं?’ हे विचारू नका. सुटल्यावर पहिल्या महिन्यात काय अडलं, हे विचारा. नाव, गाव, गुन्हा आणि तारीख यांपैकी काहीही वहीत ओळख पटेल असं लिहू नका. आणि नको म्हणाला तर तिथेच थांबा.

अशा बोलण्यातून पुढे येतात त्या अगदी व्यवहाराच्या अडचणी. शिधापत्रिकेतून नाव कमी झालेलं असतं. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात. बँकेत उभं करत नाहीत. या शेवटच्या अडचणीवर महाराष्ट्रात एक चांगलं पाऊल पडलं. 1 मे 2022 रोजी येरवड्यात राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ कर्जयोजना सुरू झाली. शिक्षा भोगणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, तारण नाही, जामीनदार नाही, परतफेड तुरुंगातल्या मजुरीतून. मुलीची फी किंवा आईचं आजारपण आतला माणूस निभावू शकतो आणि घरात त्याची जागा टिकून राहते.

जात बाजूला ठेवून चालणार नाही

1871 च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड अशी कुटुंबं ठेवली जात. त्यालाही ‘सुधारणा’च म्हणत. कायदा 1952 मध्ये गेला, पण पारध्याच्या पालावर पोलीस आजही आधी जातात. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन संदर्भग्रंथ म्हणून वाचा. तुरुंगाच्या आतही जात होती: स्वयंपाक कोणी करायचा, संडास कोणी साफ करायचा, हे कित्येक राज्यांच्या नियमपुस्तिकांत जातीवरून ठरलेलं होतं. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी असे नियम घटनाबाह्य ठरवले.

पीडिताचं प्रकरण

पुनर्वसनाच्या प्रकल्पात पीडित हमखास गळतो. विद्यार्थ्यांनी पीडितांच्या मुलाखती घेऊ नयेत, जखम पुन्हा उघडण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण कागद वाचता येतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून आपल्या सत्र न्यायालयाची पंचवीस निकालपत्रं घ्या आणि शेवटचा आदेश वाचा: दंडातून पीडिताला किती रक्कम दिली, की काहीच नाही. 1998 च्या गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंद्याला न्याय्य मजुरी द्या आणि तिचा काही भाग पीडितासाठी बाजूला काढण्याची तजवीज करा, असं सांगितलं. बलात्कार आणि आम्लहल्ल्याच्या पीडितांसाठी महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे.

आपल्या जिल्ह्यात या योजनेचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि पैसे हातात पडायला सरासरी किती महिने लागले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, म्हणून अर्ज प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात टाका. परिविक्षेवर सोडलेल्यांची संख्या विचारणारा अर्जही त्याच दिवशी करा.