लेबलवर नसलेली नावे

अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहरातील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आलेले जॅझ हे मूलतः समूहाचे संगीत आहे. ठरलेली चाल आधाराला घेऊन प्रत्येक वादकाने आपल्या पाळीला ऐन वेळी नवी रचना करावी, म्हणजे आपल्या गायकीत जिला उपज म्हणतात ती करावी, आणि इतरांनी तिला तोलून धरावे, अशी त्याची रीत आहे. ध्वनिमुद्रिकेवर मात्र ठळक नाव छापले जाते ते बँडच्या म्होरक्याचे. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) जगभर ओळखली जाते, पण तिच्यातील खर्जाचा पाया ज्याने घातला, तो पॉल चेंबर्स हा डबल बासवादक (माणसाच्या उंचीच्या, व्हायोलिनच्या घराण्यातील वाद्याचा वादक) १९६९ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारला आणि जाणकारांच्या पलीकडे त्याचे नाव फारसे गेले नाही. तरीही त्याचे नाव वेष्टनावर छापलेले होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात जॅझ वाजवणाऱ्या वादकांना तेवढेही मिळाले नाही.

१९३५ साली लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, आणि त्यांच्या सहवासात हे संगीत उचलले ते प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमदानीत चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई, त्यामुळे कागद समोर ठेवताच वाजवू शकणारा वादक हवा असेल तर गोव्याकडेच पाहावे लागे. बार्देशातील हळदोण्याचे आन्तोनियो शाव्हियेर वाझ (१९१६–१९६७) त्यांपैकीच एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेल्या या ट्रम्पेटवादकाला रसिक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेले आणि क्लबांची रया गेली, तेव्हा अशा वादकांना आधार मिळाला तो चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचा. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी ‘अलबेला’ (१९५१) या भगवानदादांच्या चित्रपटासाठी चिक चॉकलेट यांना हाताशी घेतले. ‘दीवाना परवाना’ या गाण्यात तर चिक आणि त्यांचा बँड झालरीच्या पोशाखात पडद्यावरही दिसतो. तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या औरंगाबादच्या शहागंजातील ज्या श्रोत्याने ताजमहाल हॉटेल कधी पाहिलेही नव्हते, त्याच्यापर्यंत जॅझ पोचायचे ते असल्या गाण्यांतून, आणि ते जॅझ आहे हे त्याला कोणी सांगायचे कारणही नव्हते.

या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, बहुधा दहा इंची आणि एका बाजूला सुमारे तीन मिनिटे वाजणाऱ्या असत. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणापासून घडवलेली ही तबकडी हातातून निसटली की फुटते, आणि ती स्पिरिटने पुसली तर लाखच विरघळू लागते, म्हणून मुरलेला संग्राहक तिला साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने स्वच्छ करतो. लेबल आणि खोबणी यांच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मुद्रणक्रमांक तो भिंगाने वाचतो, कारण ते ध्वनिमुद्रण नेमके कोणते हे त्यावरून ठरते. लेबलवर चित्रपट, गायक आणि संगीतकार यांची नावे मिळतात, सी. रामचंद्र यांचे तर संगीतकार म्हणून एक आणि गायक म्हणून ‘चितळकर’ हे दुसरे, अशी दोन नावे दिसतात. ट्रम्पेट कोणी वाजवला, हे मात्र कोठेच नसते.

हा अन्याय एकट्यादुकट्या वादकापुरता नव्हता. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवावी, मग संगीत संयोजकाने प्रत्येक वाद्याचा भाग स्वरलिपीत लिहून काढावा, आणि त्या दिवसाच्या बिदागीवर बोलावलेल्या वादकांनी तो वाजवून निघून जावे, अशी कामाची पद्धत होती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत मुख्य चालीमागे व्हायोलिनांच्या ताफ्याची जी दुसरी, समांतर चाल वाहते, तिच्यामागे सेबॅस्टियन डिसूझा या संयोजकाची लेखणी होती. ती चाल वगळून ही गाणी आठवून पाहिली तर त्यांचे अर्धे वैभव ओसरते. म्हणूनच अशा माणसाला निव्वळ ‘साहाय्यक’ म्हणणे न्याय्य नाही. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवणाऱ्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवादकाचे नाव घरोघरी गेले तेही ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील एका विनोदी गाण्यामुळे, त्याच्या वादनामुळे नव्हे.

या वादकांच्या मुलाखती घेऊन ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) ही पुस्तके लिहिली, तेव्हा कुठे तबकडीवरचा सूर आणि माणूस यांची गाठ पडू लागली. संग्रहाला नव्याने आरंभ करणाऱ्याने मात्र शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ (१९६८) ही लाँग प्ले आधी मिळवावी. तोडी, मालकंस, भैरवी असे अकरा राग जॅझच्या अंगाने मांडणाऱ्या या तबकडीवर गायक नाही, त्यामुळे एरवी गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये काही क्षण झळकणाऱ्या वादकांना येथे मोकळे रान मिळाले आहे, आणि रईस खाँ यांच्या सतारीबरोबर मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रम्पेट, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम, दिलीप नाईक यांचे गिटार आणि रमाकांत यांचा तबला ज्याच्या त्याच्या नावानिशी ऐकता येतो.